भाकीत-कार्डावर बरोबरीला जागा द्या: एफसी गोवाच्या समर्थक मंडळांना खुले पत्र

दर आठवड्याला भाकीत-कार्ड चालवणाऱ्या सर्व संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

इंडियन सुपर लीगचा फुटबॉल मोसम सुरू झाला की तुमची कार्डं फिरू लागतात. पुढचा सामना कोणाशी, निकाल काय, स्कोअर किती, पहिला गोल कोण मारणार, हे लोक मनापासून भरून देतात. ही प्रथा चांगली आहे, टिकायला हवी. एका कार्डामुळे माणूस आठवडाभर संघाचा विचार करतो: कोण जखमी आहे, कोणाला कितवं पिवळं कार्ड मिळालं, समोरचा संघ बाहेरगावी कसा खेळतो. पण आज ही कार्डं ज्या पद्धतीने भरली आणि तपासली जातात, त्यातून संघाबद्दल काहीच कळत नाही. कोणाचं डोकं खरंच चालतं आणि कोणाचं नशीब, तेही कळत नाही. म्हणून येत्या मोसमाआधी कार्डात काही ठोस बदल करावेत, ही विनंती.

जमा झालेली कार्डं एकावर एक ठेवून पाहा. बहुतेकांवर गोव्याचा विजय, २-१ किंवा ३-१. मोहन बागानशी कोलकात्यात सामना असो की तळातल्या संघाशी घरच्या फातोर्डा मैदानावर, आकडा तोच. बरोबरी कोणी लिहितच नाही, कारण बरोबरी लिहिणं म्हणजे संघावर विश्वास नाही असं मानलं जातं. २०२०-२१ च्या मोसमात गोव्याने साखळीत २० सामने खेळले. त्यांतले ७ जिंकले, ३ हरले आणि तब्बल १० बरोबरीत सुटले. त्या वर्षी दर आठवड्याला ‘विजय’ लिहिणारा २० पैकी १३ वेळा चुकला असता. डोळे मिटून ‘बरोबरी’ लिहीत गेलेला माणूस त्याच्या पुढे राहिला असता. तो मोसम टोकाचा होता हे मान्य. तरी कोणत्याही साध्या मोसमात चारातला एक सामना बरोबरीत सुटतो असं धरून चालायला हरकत नाही. ज्या निकालाची शक्यता चारात एक आहे, तो कार्डावर वर्षभर दिसतच नसेल तर ते कार्ड भाकिताचं राहत नाही, नुसती घोषणा होते. घोषणेसाठी स्टँड आहे. तिथे घसा बसेपर्यंत ‘फोर्सा गोवा’ म्हणावं. कार्डावर मात्र मनात खरं काय वाटतं तेच लिहावं.

दुसरी अडचण गुणांची. अचूक स्कोअरला तीन गुण आणि नुसत्या निकालाला एक, ही पद्धत ऐकायला ठीक वाटते. आकडे मांडले की तिचा दोष दिसतो.

समजा फातोर्ड्यातला सामना आहे. लीगमध्ये यजमान संघ सरासरी १.५ गोल करतो आणि पाहुणा १.२. गोवा घरी सरासरी १.८ गोल करतो, म्हणजे लीगच्या १.२ पट. समोरचा संघ बाहेरगावी सरासरी १.३५ गोल खातो, म्हणजे लीगच्या ०.९ पट. आता १.५ गुणिले १.२ गुणिले ०.९. उत्तर १.६२. ही गोव्याची अपेक्षित गोलसंख्या, सोयीसाठी १.६ धरू. समोरच्याचंही असंच: तो बाहेर १.३२ गोल करतो (१.१ पट), गोवा घरी १ गोल खातो (०.८३ पट). १.२ गुणिले १.१ गुणिले ०.८३ म्हणजे साधारण १.१. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. खरे आकडे गुणतक्त्यातून आणि आधीच्या सामन्यांच्या निकालांतून अर्ध्या तासात निघतात.

पुढचं काम पॉइसनच्या सूत्राचं. सरासरी दिली की किती गोल होण्याची शक्यता किती, हे ते सांगतं. गूगल शीटमध्ये आणि एक्सेलमध्ये ते तयार मिळतं, पण कॅल्क्युलेटरवरही होतं. सरासरी १.६ असेल तर शून्य गोल होण्याची शक्यता ०.२०२ (कॅल्क्युलेटरवर e चा उणे १.६ वा घात). तिला १.६ ने गुणा आणि १ ने भागा: एका गोलाची शक्यता ०.३२३. तिला पुन्हा १.६ ने गुणा, २ ने भागा: दोन गोल, ०.२५८. पुन्हा १.६ ने गुणा, ३ ने भागा: तीन गोल, ०.१३८. समोरच्याच्या १.१ साठी हीच गिरणी फिरवा: ०.३३३, ०.३६६, ०.२०१, ०.०७४. सहा-सात गोलांपर्यंत असंच पुढे जा. मग एक चौकट आखायची. आडवे गोव्याचे गोल, उभे समोरच्याचे, आणि प्रत्येक घरात दोन आकड्यांचा गुणाकार. गोवा पुढे असलेली सगळी घरं मिळवली की ४९ टक्के येतात, कर्णावरची बरोबरीची घरं मिळवली की २५, आणि उरलेले २६ टक्के पराभवाचे.

आता त्याच चौकटीत सर्वांत मोठा आकडा कोणत्या घरात आहे ते बघा. १-१ च्या घरात, ११.८ टक्के. त्यानंतर १-० ला १०.८ आणि २-१ ला ९.५. म्हणजे सर्वांत संभाव्य निकाल गोव्याचा विजय, आणि सर्वांत संभाव्य स्कोअर १-१ बरोबरी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. आपलं कार्ड मात्र एकाच ओळीत निकाल आणि स्कोअर जुळवून मागतं, त्यामुळे नीट विचार केलेला माणूसही अडकतो. शिवाय सर्वांत चांगला स्कोअर निवडूनही शंभरातून अठ्ठ्याऐंशी वेळा चूकच होणार. अशा रकान्याला तिप्पट गुण दिले की मोसमाच्या शेवटी पहिला येतो तो ज्याचे तीन-चार स्कोअर योगायोगाने जुळले तो.

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी गोव्याने मुंबई सिटीला ७-० ने हरवलं. गोव्याचे डुडू आणि हाओकिप, दोघांचीही हॅट्‌ट्रिक. वरच्या चौकटीप्रमाणे गोव्याने सात किंवा त्याहून जास्त गोल करण्याची शक्यता दहा हजारांत तेरा. ती संध्याकाळ कोणत्याच कार्डात मावणारी नव्हती, मावायची गरजही नव्हती.

म्हणून विनंती अशी: निकालाच्या जागी तीन रकाने ठेवा. विजय, बरोबरी, पराभव. प्रत्येकात टक्के लिहायचे, बेरीज १०० झाली पाहिजे. तपासणीची पद्धतही सोपी. जे घडलं त्याला १ धरा, जे घडलं नाही त्याला ०. तिन्ही रकान्यांतल्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. बेरीज जितकी कमी, तितकं भाकीत चांगलं. वरचं ४९-२५-२६ असं कार्ड घ्या. गोवा जिंकला तर ०.५१, ०.२५ आणि ०.२६ यांच्या वर्गांची बेरीज ०.३९. बरोबरी झाली तर ०.८७, हरला तर ०.८५. काहीच माहीत नसलेल्या माणसाने तिन्हीकडे सारखे टक्के लिहिले तर त्याला दर वेळी ०.६७ पडतात, मोसमाची सरासरी त्याच्या खाली आणणं हे पहिलं आव्हान. आणि दर आठवड्याला ९०-५-५ लिहिणाऱ्या निष्ठावंताचं काय होतं? गोवा जिंकला की त्याला फक्त ०.०१५, अगदी उत्तम. हरला की १.७१५. मोठ्या आवाजाची किंमत अशी मोजून द्यावी लागते, आणि दहाएक सामन्यांत माणूस स्वतःच ९० वरून ६० वर येतो. हीच या पद्धतीची खरी कमाई.

स्कोअरचा रकाना काढून टाकू नका. लोकांना तो आवडतो. फक्त त्याचा तक्ता वेगळा ठेवा. पहिल्या गोलाचा रकाना मात्र बंद केला तरी चालेल. आघाडीचा खेळाडू कोरोमिनास होता, तीन मोसमांत त्याने ४८ गोल मारले, तोवर त्या रकान्यात काही अर्थ होता. आता गोल अनेकांत वाटले जातात.

सरासरी कुठून घ्यायची, यात सगळ्यात जास्त चुका होतात. चार घरच्या सामन्यांत दहा गोल झाले की लोक अडीचची सरासरी धरून बसतात. चार सामन्यांवर एवढा भरवसा टाकू नये. त्यात लीगच्या सरासरीचे सहा काल्पनिक सामने मिसळा: सहा गुणिले १.५ म्हणजे ९ गोल. एकूण १९ गोल, १० सामने, सरासरी १.९. मोसम पुढे सरकतो तसं खऱ्या सामन्यांचं वजन आपोआप वाढतं. आणि जुने आकडे वापरणार असाल तर २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन मोसम घर-बाहेर हिशेबातून पूर्ण वगळा. त्या दोन्ही वर्षी अख्खी लीग गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या टिळक मैदानावर झाली, साखळीचे सामने रिकाम्या स्टँडसमोर. कागदावर ‘यजमान’ कोणी का असेना, घरचा फायदा म्हणावा असं तिथे काही नव्हतं. हे आकडे मिसळले की घरच्या मैदानाचं वजन उगाच कमी दिसतं.

सूत्राची एक खोडही सांगायला हवी. दोन्ही संघांचे गोल एकमेकांवर अवलंबून नाहीत असं ते धरतं. प्रत्यक्षात ७५ व्या मिनिटाला ०-० किंवा १-१ असेल तर दोघेही जपून खेळतात, त्यामुळे कमी गोलांची बरोबरी सूत्र सांगतं त्यापेक्षा थोडी जास्त होते. बरोबरीत दोन-तीन टक्के वाढवून बाकी दोन्हीकडून कापावेत.

आकडे झाले की मग संघ बघायचा. इथे जाणकार समर्थकाला सूत्रापेक्षा जास्त कळतं, आणि म्हणूनच कार्डात मजा आहे. मैदानात एका वेळी चारच परदेशी खेळाडू असतात. त्यांतला मधला बचावपटू बाहेर असेल तर त्याच्या तोडीचा बदली बाकावर असेलच असं नाही. अशा वेळी समोरच्याच्या अपेक्षित गोलांत ०.२ ते ०.३ वाढवणं रास्त. भारतीय विंगर बाहेर असेल तर इतकं वाढवू-घटवू नये. चौथ्या पिवळ्या कार्डावर एक सामना बंदी येते, म्हणून तीन कार्डं झालेल्या खेळाडूंची यादी प्रत्येक मंडळाने भिंतीवर लावावी. बंदीची बातमी सामन्याच्या दिवशी कळून उपयोग नाही. ती आदल्या सामन्याची शिट्टी वाजली तेव्हाच ठरलेली असते. प्रवासाचंही तसंच. जमशेदपूरला जायचं म्हणजे विमान बदलणं आणि पुढे रस्ता. गुवाहाटी देशाच्या दुसऱ्या टोकाला. तीन-चार दिवसांच्या अंतराने असा दौरा असेल तर दुसऱ्या सामन्यात मधली फळी साठाव्या मिनिटानंतर बसते. आशियाई क्लब स्पर्धेचा सामना मध्ये आला की हे दुप्पट जाणवतं.

प्रशिक्षक बदलला की काय करावं? इथे घाई नको. जानेवारी २०२० च्या अखेरीस, संघ वरच्या स्थानावर असताना आणि साखळीचे तीन सामने उरले असताना सर्जिओ लोबेरा यांना काढलं. आता सगळं कोसळणार असं वाटणं साहजिक होतं. क्लिफर्ड मिरांडा यांच्या हाताखाली गोव्याने हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि जमशेदपूरला ५-० हरवलं. ३९ गुण आणि ४६ गोलांसह लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाची ढाल, जिंकली. ती शील्ड त्या वर्षी पहिल्यांदाच दिली गेली होती. तीन सामन्यांत १४ गोल. मग लोकांचे अंदाज दुसऱ्या टोकाला जाण्याची वेळ आली, आणि उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईत गोवा १-४ ने हरला. परतीच्या सामन्यात ४-२ जिंकूनही एकूण ५-६ असा बाद झाला. ताज्या तीन निकालांना लोक फार वजन देतात, आधी भीतीपोटी आणि नंतर आनंदापोटी. संघ तोच असेल तर प्रशिक्षक गेला म्हणून अपेक्षित गोल ०.१ च्या वर हलवू नयेत. नवा माणूस नवी मांडणी घेऊन आला तर चार सामने पाहावेत, मग हलवावेत.

आता वेळेचा प्रश्न, ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. सामना साडेसातला असेल तर अकरा जणांची यादी साधारण तासभर आधी जाहीर होते. काही मंडळं सात वाजेपर्यंत कार्ड घेतात. मग सहालाच भरून दिलेला माणूस आणि यादी पाहून भरणारा माणूस एकाच तक्त्यात येतात. हे योग्य नाही. मुख्य कार्ड आदल्या रात्री दहाला बंद करा. यादी आल्यानंतर ज्याला बदल करायचा आहे त्याने सव्वासातपर्यंत दुसरं कार्ड द्यावं, त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवा. मोसमाच्या शेवटी दोन्ही सरासऱ्या शेजारी ठेवल्या की यादी पाहून आपण खरंच शहाणे होतो की उगाच घाबरतो, ते प्रत्येकाला स्वतःचं कळेल. वेळेचा पुरावा म्हणून कार्डाचा फोटो गटात टाकणं पुरेसं आहे. खोडलेलं कार्ड घ्यायचं नाही, नवं भरायला सांगायचं.

बाद फेरीत निकाल कोणत्या मिनिटाचा धरायचा, हे कार्डावर छापलेलं हवं. १७ मार्च २०१९ ची अंतिम लढत अंधेरीत झाली. नव्वद मिनिटांअंती ०-०. जादा वेळेत गोवा दहा जणांवर आला आणि मूळच्या मुंबईच्याच राहुल भेकेने हेडर मारून बंगळुरूला जिंकून दिलं. ‘बरोबरी’ लिहिणारा बरोबर की चूक? २०२१ चा ड्युरँड कप गोव्याने जिंकला तोही जादा वेळेतल्या एडू बेडियाच्या गोलावर. डिसेंबर २०२५ मध्ये फातोर्ड्यात ईस्ट बंगालविरुद्ध सुपर कपची अंतिम लढत गोलशून्य राहिली आणि टायब्रेकरवर गोवा जिंकला. एकच नियम ठेवा: मुख्य कार्ड नव्वद मिनिटं आणि त्याला जोडून दिलेल्या भरपाई वेळेपुरतं. करंडक कोणाचा, हा वेगळा रकाना, त्यात दोनच पर्याय, बेरीज १००.

भरपाई वेळेचा विषय निघाला आहे, तर त्याबद्दल थोडं सविस्तर. गोव्याच्या समर्थकांच्या मनात तीन संध्याकाळी रुतून बसल्या आहेत, तिन्ही फातोर्ड्यातल्या. २० डिसेंबर २०१५: अंतिम लढत, ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या फ्री किकने गोवा २-१ पुढे, आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊन चेन्नईयिनकडून २-३ पराभव. २४ एप्रिल २०२४: मुंबईविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना, बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर ८९ व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईचा छांगते, लगेच विक्रम प्रताप, आणि सहाव्या भरपाई मिनिटाला पुन्हा छांगते. २-३. ६ एप्रिल २०२५: बंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा परतीचा सामना, पहिल्या लढतीतली दोन गोलांची पिछाडी सादिकूने ८८ व्या मिनिटाला भरून काढली, स्टँड उभा राहिला, आणि भरपाई वेळेत बंगळुरूच्या सुनील छेत्रीचं हेडर जाळ्यात गेलं.

हे दुःख खरं आहे आणि ते कोणी कमी लेखू नये. पण कार्डावर ते उतरतं तेव्हा घोळ होतो. एप्रिल आला की तीच माणसं, जी वर्षभर ८० टक्के विजय लिहितात, एकदम पराभवाकडे वळतात. ‘फातोर्ड्यात शेवटी गोल खातोच’ हे वाक्य शेकडो सामन्यांपैकी तिघांवर उभं आहे. आणि ते तिन्ही बाद फेरीचे होते, जिथे मागे पडलेल्या संघाला राखून ठेवण्यासारखं काही उरत नाही. तो बचावपटूही पुढे पाठवतो. अशा सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत गोलांची शक्यता दोन्ही बाजूंनी वाढते. म्हणून बाद फेरीच्या कार्डावर विजयाचे टक्के कमी करण्याऐवजी दोन्ही संघांच्या अपेक्षित गोलांत थोडी वाढ करावी. साखळीतल्या फेब्रुवारीच्या सामन्याला हा हिशेब लावू नये. २०२४-२५ मध्ये याच संघाने साखळीत २४ सामन्यांत ४८ गुण मिळवून दुसरं स्थान घेतलं. शेवटी कोसळणाऱ्या संघाचा तक्ता असा नसतो.

पैशाबद्दल एकदाच. कार्डाला प्रवेश फी नको, बक्षीस रोख नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो ज्याने त्याने वाचावा. पण कायदा नसता तरी आमचं म्हणणं हेच असतं. गोव्यात मटक्याने घरं कशी पोखरली हे सांगायची गरज नाही. पोरंसोरं कार्ड भरतात. जिंकणाऱ्याला संघाची जर्सी द्या, पुढच्या सामन्याचं तिकीट द्या.

एकदम सगळं बदलणं जमणार नाही, हेही कळतं. पहिले पाच सामने जुनं आणि नवं कार्ड सोबत चालवा. प्रत्येक मंडळात एक जण वहीत मूळ आकडे ठेवील आणि दुसरा शीटवर वर्गांची बेरीज करील; एकाच माणसाकडे दोन्ही कामं देऊ नका, चुका पकडल्या जात नाहीत. पुढे ढकललेल्या सामन्याची कार्डं रद्द करून नव्या तारखेला नव्याने घ्या, कारण मधल्या काळात जखमा, बंदी, सगळं बदललेलं असतं. तीसपेक्षा कमी कार्डं भरलेल्याला अंतिम क्रमवारीत घेऊ नका असं काही जण म्हणतील. २०२४-२५ मध्ये साखळीत २४च सामने होते, तेवढे असतील तर किमान १६ ची अट पुरे.

कोऱ्या कार्डाचा नमुना, चौकटीसह, एका पानावर बसतो. तो आम्ही करून देऊ. पहिल्या घरच्या सामन्याच्या आठवडाभर आधी सगळ्या मंडळांकडे पोचेल, छपाईचं तेवढं तुम्ही बघा.

आपले,
फातोर्ड्याच्या स्टँडमधले काही नेहमीचे प्रेक्षक